मयताच्या नावावरची जीप

मी जीप बोलतेय. इंजिनातलं तेल काल काढून घेतलं, बॅटरी परवाच गेली, चारही टायर भिंतीला टेकवून ठेवलेत. तोंड तेवढं शाबूत आहे, आणि ते बंद करायचा कायदा अजून निघालेला नाही. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरीकडं जा. एकोणतीस वर्षं मी माणसं वाहिलीत, आणि इतकी माणसं वाहिल्यावर माणसाचं कौतुक उरत नाही.

सध्या माझा मुक्काम नांदेडच्या बाहेर, परवाना असलेल्या एका स्क्रॅपिंग केंद्रात आहे. इथं खाली फरशी आहे, तेल सांडलं तर जमिनीत मुरू नये म्हणून. आयुष्यभर मला चिखलात, उकिरड्यात, मुतारीच्या भिंतीशी उभी केली, आणि मरताना ही फरशी! बरं आहे बाबा. उशिरा का होईना, कुणाला तरी लाज वाटली.

मला घेतलं दगडोबानं, एक्क्याण्णव साली, लातुरातून. औशाच्या पुढं, तेरणेच्या काठी त्याचं गाव. ज्वारी पिकवणारा साधा गडी, गाडी चालवता येत नव्हती, लिहिता तर त्याहून येत नव्हतं. आरटीओत कारकून म्हणाला, "सही करा." यानं डावा अंगठा पुढं केला. अंगठा उमटवून झाल्यावर शाई डोक्याच्या केसांना पुसली आणि माझ्याकडं बघून असा हसला की मलाच कसंतरी झालं. सबंध आयुष्यात ज्याचा राग आला नाही असा तो एकच माणूस.

घरी नेल्यावर त्याच्या बायकोनं, साखराबाईनं, मला ओवाळलं आणि चाकाखाली चार लिंबं चिरडायला लावली. लिंबानं ब्रेक सुधारत नाहीत हे तिला कोण सांगणार? पण बाई जीव लावणारी. पोरीला, तनुजाला, कडेवर घेऊन मागच्या सीटवर बसायची आणि गावभर मिरवायची.

चालवायला दगडोबानं चुलतभाऊ ठेवला, शेषेराव. याचं नाव घेतलं की माझ्या टाकीत अजून कचरा आल्यासारखं होतं. औसा ते किल्लारी या लाइनीवर नऊ जणांच्या जागेत सोळा कोंबायचा, दोघं बोनेटवर, एक टपावर. माणसंही तशीच. खिडकीतून थुंकायची, सीटची रेक्झिन नखानं उकरायची, आणि उतरताना दार असं आपटायची की जणू माझ्याशी जुनं भांडण आहे.

त्र्याण्णवच्या अनंत चतुर्दशीला माझी क्लचप्लेट गेली. शेषेराव मला घेऊन औशाच्या गॅरेजात राहिला. दगडोबा म्हणाला, "गावात गणपती बुडवायचा हाय, म्या यष्टीनं जातो." गेला. साखराबाई पोरीला घेऊन भोकरला, भावाकडं होती. दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. गॅरेजातल्या पत्र्यासकट मी हातभर सरकले.

सकाळी आम्ही गावाजवळ पोचलो तेव्हा गाव नव्हतं. दगड, माती आणि वरून पाऊस. शेषेरावानं हातानं उकरून दगडोबाला बाहेर काढलं, हे मी माझ्या दिव्यांनी बघितलं. तेवढं एक त्यानं बरोबर केलं. माझ्या मागच्या फळीवर त्याला ठेवलं आणि जिथं सगळ्यांना एकत्र अग्नी देत होते तिथं नेलं. घरांचीच दारं, घरांच्याच तुळया, त्याच्यावर घासलेट. नावं कोण लिहून घेणार? जो तो आपापल्या माणसांना शोधत होता, दुसऱ्याच्या मढ्याकडं कोण बघतो? दगडोबाला अग्नी दिला तो शेषेरावानं, आणि बघायला होते मी.

चार दिवसांनी यादी करायला सरकारी माणसं आली. विचारलं, "दगडोबा?" शेषेराव माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या डोक्यात काय शिजतंय हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. दगडोबा मेला म्हटलं की जीप साखराबाईची. दगडोबा हरवला म्हटलं की जो चालवील त्याची. हा माणूस म्हणाला, "दादा वाचला साहेब. पण डोकं फिरलं त्याचं. हैदराबादकडं निघून गेला."

थू! मागच्या फळीवरची त्याच्या अंगाची माती अजून धुतली नव्हती रे तू.

आठ महिन्यांनी साखराबाई भावाबरोबर आली. "माझा मालक कुठं हाय?" एवढंच विचारत होती. शेषेरावानं खिशातून कागद काढला. माझ्या पासिंगचा कागद, खाली मालकाची झोकदार सही. "दादा येऊन गेला वहिनी, लातुरात. ही बघा सही केलीय. जीप शेषाकडं राहू द्या म्हणाला, आणि परत गेला."

सही आरटीओबाहेरच्या एजंटानं सुचवली होती. एजंट म्हणाला होता, "अंगठा उद्या कुणी तपासला तर अडकशील. सही कोण तपासतंय?" अशी ही हुशार माणसं. आणि म्हणून माझा दगडोबा जिवंतपणी अंगठेबहाद्दर, मेल्यावर सही करायला शिकला.

तनुजा तेव्हा सहा वर्षांची. तिनं कागद बघितला आणि म्हणाली, "माय, बाबाला तर लिवता येत नव्हतं."

साखराबाई हसली. रडत रडत हसली. "शिकला असंल गं. परमुलखात गेल्यावर माणूस शिकतंय."

मी बाजूलाच उभी होते. हॉर्न आपोआप वाजत नाही याचं दुःख मला त्या दिवशी झालं.

तेव्हापासून ती बाई भोकरला भावाच्या शेतात राबली, पोरीला शिकवलं, मास्तरीण केलं. रोज सकाळी कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायची. दर चार-सहा वर्षांनी शेषेरावाला निरोप धाडायची, "मालक आले होते का?" आणि हा निर्लज्ज सांगायचा, "आले होते वहिनी, सही करून गेले."

दोन हजार चारला शेषेरावानं मला राघवेंद्र सरांना विकलं. नांदेडचा माणूस, क्लासेस काढलेले, एक शाखा नांदेडला आणि एक लातुरात. आमच्या भागात जुनी गाडी विकायची रीत माहीत आहे ना? कोऱ्या फॉर्मवर मालकाची सही, एक कप चहा आणि किल्ली. नाव बदलायला आरटीओत कोण जातंय! मयतानं सही केलेले ते कोरे फॉर्म सरांनी फिजिक्सच्या नोट्सखाली ड्रॉवरमध्ये टाकले, आणि ते वीस वर्षं तिथंच राहिले.

क्लासचे ते दिवस विचारू नका. माझ्या दोन्ही अंगांना पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो चिकटवले. त्यातलं एकही पोर कधी माझ्यात बसलं नव्हतं. बसायची ती गावाकडची, होस्टेलवरची, डोळ्यांत झोप आणि तोंडात सूत्रं. घरून यष्टीनं आलेला भाकरीचा डबा मांडीवर घेऊन रडणारी पोरं मी बघितलीत, आणि त्यांच्या आईबापांना "काळजी करू नका, डॉक्टर करूनच पाठवतो" म्हणणारे सरही बघितलेत. भूकंपाचं नाव तर त्यांच्या प्रत्येक फ्लेक्सवर. 'भूकंपातून उभं राहिलेलं लातूर, आता तुमची पाळी!' म्हणे. अहो, भूकंपात तुम्ही नांदेडला गादीवर झोपला होतात.

दोन हजार एकोणीसला माझं शेवटचं पासिंग संपलं. इंजिन ठोके देत होतं, दार दोरीनं बांधलेलं. तरी सरांनी वर्षभर पोरं वाहून घेतली. मग एकदा रस्त्यात धूर धूर केला मी, मुद्दाम केला, आणि क्लासच्या मागं कायमची उभी राहिले. कुत्री माझ्याखाली व्याली. त्यांची संगत बरी होती.

दोन हजार चोवीसला सरांना नवी बस घ्यायची होती. शोरूमवाल्यानं सांगितलं, "जुनी गाडी आहे ना सर? परवाना असलेल्या केंद्रात जमा करा. तिथं जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात सूट आहे." सरांचे डोळे असे चमकले, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं प्रेमानं बघितलं.

एरवी त्यांनी मला गल्लीतल्या भंगारवाल्याच्या गळ्यात घातलं असतं. तिथं काय होतं मला ठाऊक आहे, माझ्या ओळखीच्या कितीतरी तशाच गेल्या. सायंकाळी गाडी आत जाते, सकाळी पत्रा वेगळा, इंजिन वेगळं. तेल नालीत. आणि चासिसवरचा नंबर कापून दुसऱ्या कुठल्यातरी चोरीच्या गाडीला चिकटवतात. गाडी मरते, पण नंबर रस्त्यावर फिरत राहतो, आणि कागदावरचा मालक कुठल्यातरी गावात शांत झोपलेला असतो. एक दिवस पोलीस त्याच्याच दारात उभे.

तर मला टो करून इथं आणलं. इथल्या प्रमुख मालविका मॅडम. चष्मा, केस आवळून बांधलेले, आवाज कोरडा. मला वाटलं, हीही त्यातलीच एक. मॅडमनी माझं आरसी बुक उघडलं आणि विचारलं, "दगडोबा कुठं आहेत?"

"येतील ना," सर म्हणाले. "म्हातारे आहेत. मीच सगळं बघतो त्यांचं."

"तसं चालत नाही. मालक स्वतः पाहिजे, ओळखीच्या कागदासकट. येता येत नसेल तर त्यांचं अधिकारपत्र. आणि मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, वारसाची सही. गाडी चोरीची नाही ना, कर्ज नाही ना, हेही आम्ही तपासतो. मग चासिसचा नंबर कापून सहा महिने इथं जपून ठेवावा लागतो, आणि आरटीओत नोंद रद्द होते. एवढं झाल्याशिवाय मी या गाडीला हात लावणार नाही."

सरांनी बाहेर जाऊन शेषेरावाला फोन लावला. "अरे, तो तुझा भाऊ जिवंत आहे की मेला?"

 शेषेराव म्हणाला, "कागदावर जिवंत हाय सर."

आणि त्या दोघांनी जे ठरवलं ते मी तुम्हाला सांगते. ऐकून तुमचं डोकं नाही फिरलं तर तुम्हीही त्यांच्यातलेच.

क्लासचा वॉचमन गुंडप्पा, उदगीरकडचा, सत्तरीला आलेला गरीब माणूस. त्याला धोतर-पटका नेसवून दगडोबा म्हणून बसवायचं. आधार कार्ड कुठं? हरवलं म्हणायचं. ओळख कोण पटवणार? बायको! भोकरहून साखराबाईला बोलवायचं. म्हातारीला मोतीबिंदू, एकतीस वर्षं झालेली, तिला काय कळतंय? आणि ती येईल कशी, तर शेषेराव म्हणाला, "त्याची काळजी करू नका सर. येती ती. पळत येती."

त्यानं भोकरला फोन केला. "वहिनी, दादा नांदेडला येऊन राहिलेत. जीप मोडीत द्यायची, कागदावर सही करायला. मंगळवारी या."

मंगळवारी सकाळी गेटातून साखराबाई आली. भोकरहून पहिल्या गाडीनं निघाली, मुदखेडला बदलून आली. नवं इरकली लुगडं, कपाळभर कुंकू, हातात डबा. बरोबर तनुजा. तनुजाचा चेहरा दगडासारखा. गेटातच ती आईला म्हणाली, "माय, काका खोटं बोलून राहिलाय. बाबाला लिवता येत नव्हतं. मी सहा वर्षांची असल्यापासून सांगून राहिले."

"हाव गं. बघू तर."

गुंडप्पा मालविका मॅडमच्या टेबलासमोर खुर्चीत बसला होता. पटका डोळ्यांवर ओढलेला, हात मांडीवर. शेषेराव पुढं झाला. "वहिनी, हे बघा दादा."

साखराबाई जागच्या जागी उभी राहिली. मग सावकाश चालत गेली, डबा खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि गुंडप्पाच्या पायावर डोकं ठेवलं.

गुंडप्पा ताडकन उठला. खुर्ची मागं पडली. "उठा वो ताई, उठा! म्या न्हाई वो तुमचा मालक. म्या क्लासचा वॉचमन. सरांनी बसवलं म्हणून बसलो. माझी बी बायको हाय घरी. हे पाप न्हाई जमायचं मला, नोकरी गेली तर जाऊ द्या." आणि तो पोरासारखा रडायला लागला.

साखराबाई जमिनीवरूनच म्हणाली, "ठावं हाय मला, दादा. दारातनंच कळलं. पर म्हणलं, एवढी वाट बघून आले, कुणाच्या का होईना पाया पडून घ्यावं."

 मालविका मॅडम उभ्या राहिल्या होत्या. राघवेंद्र सर मोबाइलकडं बघत होते, दुसऱ्याच्या घरी दुःख झालं की शहाणी माणसं बघतात तसे.

साखराबाई शेषेरावाकडं वळली. "आता खरं बोल, शेषा. माझी शपथ न्हाई घालत. तुला शपथ लागत न्हाई."

 शेषेरावानं माझ्याकडं बोट दाखवलं. "त्याच दिवशी गेला दादा, वहिनी. ह्याच जीपमंदी नेला म्या. म्याच अग्नी दिला."

"आन् सही?"

"माझी."

"समद्या?"

"समद्या."

 साखराबाईनं आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मी तिच्या जागी असते तर त्याच्या अंगावरून गेले असते.

"म्हंजी एकतीस वर्सं," ती म्हणाली, "म्या तुझ्या सहीचं कुंकू लावून राहिले."

सर पुढं सरकले. "मावशी, झालं ते झालं. आपण वारस म्हणून अंगठा दिलात तर आजच..."

"सर, तुम्ही बाहेर बसा," मालविका मॅडम म्हणाल्या. "कुठं जाऊ नका. मी पोलिसांना फोन करतेय." त्यांचा तो कोरडा आवाज त्या दिवशी मला फार गोड वाटला. सरांच्या नव्या बसचं जे झालं ते झालं, मला त्याचं सोयरसुतक नाही.

मग साखराबाई उठली आणि मॅडमला म्हणाली, "बाई, एक बादली पाणी द्या."

"प्यायला?"

"न्हाई. माणूस गेल्याचं कळलं की अंगावर पाणी घ्यावं लागतंय. मला आज कळलं."

तनुजानं नळाखालून बादली भरून आणली. माझ्या शेजारी, याच फरशीवर, साखराबाई लुगड्यासकट बसली. पहिला तांब्या डोक्यावर ओतला, दुसरा ओतला. कुंकू तिनं पुसलं नाही. ते पाण्याबरोबर आपणच नाकावरून, हनुवटीवरून खाली आलं आणि फरशीवरून माझ्या चाकांकडं वाहत गेलं. तिसऱ्या तांब्याला ती रडली. असलं रडणं मी त्र्याण्णवच्या त्या सकाळीही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी सगळे एकदम रडत होते, इथं ती एकटी होती. तनुजा तिला मागून धरून बसली. गुंडप्पा पटका काढून उन्हात उभा होता.

मला आतापर्यंत सगळ्यांची घाण वाटली, पण त्या घटकेला माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

पुढचं कागदाचं काम लांबलं. इतक्या वर्षांनी मृत्यूची नोंद करायची म्हणजे कोर्टाचा हुकूम, गावातले जबाब, शेषेरावाचा कबुलीजबाब. तनुजा रजा टाकून औशाला, लातूरला खेटे घालत राहिली. मी इथं उभी होते. मॅडमनी माझ्यावर ताडपत्री टाकली, नंबराला कुणाला हात लावू दिला नाही. गेल्या आठवड्यात दाखला आला. दगडोबा, मयत, तारीख तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव. साखराबाईनं वारस म्हणून अंगठा दिला. मॅडमनी वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर हाय. आता खरं लिवलंय."

उद्या सकाळी कटर लागेल. आधी नंबराचा तुकडा निघेल, मग बाकीची मी. आरटीओच्या रजिस्टरातून दगडोबाचं नाव निघेल आणि त्याला यापुढं कुणी सही करायला बोलावणार नाही. मला मरायचं दुःख नाही. माझ्यासारखीला नीट मरण मिळतंय हेच विशेष.

जाता जाता एवढंच सांगते, आणि विनवणी समजा हवी तर. तुमच्या दारातल्या जुन्या गाडीचं पुस्तक आज काढा. त्यावर कुणाचं नाव आहे बघा. तो माणूस जिवंत असेल तर त्याला भेटा आणि कागद सरळ करा. आणि तो मेला असेल, तर त्याच्या घरी जा. त्याची बायको अजून वाट बघून राहिली असेल, तर तिला आधी सांगा.